वखारीचं मागचं दार

वसईजवळच्या गास गावात खाडीकाठी भाताची एक जुनी वखार आहे. दगडी भिंती, वर कौलं. पुढून दोन-तीन पायऱ्या चढून आत गेलं की मोठं दालन लागतं आणि दालनाच्या पलीकडच्या भिंतीत, बरोबर समोर, मागचं दार. चांगलं रुंद, सागवानी चौकटीचं, दोन माणसं खांद्याला खांदा लावून सहज जातील एवढं. फक्त ते उघडलं की पुढे काहीच नव्हतं. पायरी नाही, ओटा नाही, शिडी लावायची खूणसुद्धा नाही. खाली दोन पुरुष खोलीवर काटेरी झुडपं आणि त्या झुडपांच्या पार पलीकडे तिवरांची हिरवी रेघ. खाडी आता तिथे आहे.

सॅन्टन तुस्कानोचं घराणं या दारामुळे गावात ओळखलं जाई. पण सत्तरी ओलांडेपर्यंत सॅन्टनने ते दार आतून पाहिलेलं नव्हतं.

त्याचा बाप इनास या वखारीत गोणी वाहायचा. सॅन्टन अगदी लहान होता, तेव्हा नाताळाआधीच्या एका दिवशी इनास या दारातून खाली पडला आणि त्याच संध्याकाळी गेला. गावाने त्याचा निकाल तेव्हाच लावून टाकला. शुद्धीतला माणूस हवेत पाय टाकेल का? प्यायला असणार. गावात तुस्कानो पुष्कळ, एकाच नावाचे दोन-दोन, तीन-तीन. त्यांत घर ओळखायला खूण लागतेच. या घराला नाव पडलं ‘हवेतले’. कुठला सॅन्टन? हवेतला. पोस्टमनसुद्धा तसंच विचारायचा.

सॅन्टनची आई याबद्दल कधी बोलली नाही. बोलायची ती मोठी बहीण, फ्लॉसी. बापाला घरी आणलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. “मला कुणी सांगितलेलं नाही,” ती म्हणायची. “मी माझ्या नाकानं घेतलाय वास. तोंडाला होता, शर्टाला होता, केसांना होता.” फ्लॉसी पुढे जवळच्याच गिरीज गावात दिली. तिथली केळीची वाडी तिने नवऱ्याच्या मागे एकटीने सांभाळली. अंगाने बारीक, आवाजाने मोठी. दर वर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ती गासच्या दफनभूमीत यायची. आईच्या थडग्यावर मेणबत्ती, काकाच्या थडग्यावर मेणबत्ती, शेजारची एक म्हातारी होती तिलाही एक. आणि इनासच्या क्रॉसपुढून ती पदर सावरत सरळ निघून जायची. ती मेणबत्ती सॅन्टन लावायचा.

दोघांनीही उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नाही. लग्नात कुणी ग्लास पुढे केला की सॅन्टन सोडा मागायचा. लोक म्हणायचे, “बरोबर आहे, तुमच्याकडे दारं जपून उघडावी लागतात.” तोही हसायचा.

यंदा गावाने ठरवलं की पडीक वखार दुरुस्त करून तिथे हॉल करायचा. काम घेतलं केनीने. केनी गावातलाच, तरुण कंत्राटदार, एका कानाला कायम फोन. त्याने गंजलेलं कुलूप तोडलं त्या दिवशी पाच-पन्नास लोक आत बघायला गेले, त्यांत सॅन्टनही गेला. मागचं दार उघडलं तसा खाडीकडचा वारा एकदम आत आला. इतक्या वर्षांची धूळ उठली. सॅन्टन दारापर्यंत गेला, चौकटीला धरून त्याने खाली पाहिलं.

“केनी, हे दार कशाला रे?”

“कशाला म्हणजे? बंद करायला. विटा लावतो, प्लास्टर मारतो, इथं स्टेज येणार. अंकल, तुम्ही जरा मागे सरा. तुमच्या घराण्याला या दाराची सवय आहे.”

लोक हसले. सॅन्टनही सवयीने हसला. पण घरी येताना त्याच्या डोक्यात बाप नव्हता, दार होतं.

सॅन्टनची नोकरी टेलिफोन खात्यात झाली. जमिनीखालच्या केबलचे जोड शोधायचे, उघडायचे, नीट करायचे. भिंतीत शिरलेली वायर कुठेतरी बाहेर निघतेच, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. सागवानी चौकट कुणी वाऱ्यासाठी बसवत नाही. बाप हवेत का गेला हे साऱ्या गावाने ठरवून टाकलं होतं. पण त्या हवेला दार कशासाठी केलं होतं, हे कुणीच विचारलेलं नव्हतं. खुद्द सॅन्टनने सुद्धा नाही, आणि याची त्याला आता थोडी लाज वाटली.

मग त्याने विचारायला सुरुवात केली. वसईत कुठल्याही जुन्या भिंतीबद्दल विचारा, एक उत्तर तयार असतं: पोर्तुगीज. बेकरीवाला म्हणाला, तिथे तोफ होती. चर्चसमोरच्या बाकावरचे म्हणाले, सोन्याची चोरटी पेटी उतरायची. एक जण म्हणाला, भाताला हवा लागते. भातासाठी एवढं मोठं दार? मग भात मोठा असेल, तो म्हणाला. त्यातल्या त्यात शहाण्या माणसाने सांगितलं की मचवे खाली बंदरावर लागायचे, वखारीच्या पुढच्या दारातून बैलगाड्या भरून तिकडे जायच्या, हे त्याने बापाकडून ऐकलंय. मागच्या दाराचं त्याच्या बापाने काही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी सॅन्टनबरोबर फिरायला दिनानाथ जगताप असत. मूळचे साताऱ्याकडचे, बँकेतून निवृत्त झालेले, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला फ्लॅट घेऊन राहिलेले. त्यांना गावातलं फारसं माहीत नव्हतं, म्हणून ते सगळं लक्ष देऊन ऐकत. ते म्हणाले, “दार आतून बघितलंत. बाहेरून बघितलंत का?”

दुसऱ्या दिवशी दोघे कोयता घेऊन वखारीच्या मागे उतरले. झुडपं तोडत भिंतीपाशी पोचले. भिंतीवर वेल चढलेला होता. सॅन्टनने तो ओढून काढला, तशी खाली पांढुरकी, खडबडीत पुटं दिसली. दगडांवर थापल्यासारखी.

“जुना चुना,” दिनानाथ म्हणाले.

सॅन्टनने त्यावरून हात फिरवला आणि झटकन मागे घेतला. बोटातून रक्त आलं. बोट तोंडात घालून तो हसायला लागला.

“चुना कापत नाही, दिनानाथराव. ही कालवं आहेत.”

“आमच्याकडे कालवण माहीत आहे. कालवं म्हणजे?”

“शिंपल्याची जात. खडकाला चिकटतात, मरेपर्यंत सोडत नाहीत. मेल्यावरही शिंपला तिथंच. पोरपणी खाडीत उतरलो की पाय असेच कापायचे.” तो बोलता बोलता थांबला. “पण त्यांच्यावरून रोज भरतीचं पाणी जावं लागतं. नाहीतर जगत नाहीत.”

दोघांनी वर पाहिलं. कालवांचं पुट झुडपांपासून सुरू होऊन भिंतीवर चढत गेलं होतं. दाराच्या उंबऱ्याखाली, हातभर अंतरावर, ते एका सरळ रेघेत थांबलं होतं. कुणी दोरी लावून आखावं तसं.

“म्हणजे रोजची भरती इथपर्यंत?” दिनानाथांनी विचारलं.

“रोजची.”

“आणि पुनवेला, अवसेला? तुमचं ते उधाण?”

सॅन्टन रेघेपासून उंबऱ्यापर्यंतची हातभर जागा बघत होता. दिनानाथांनीच छत्री उंच करून तिचं टोक रेघेवर टेकवलं आणि हळूहळू उंबऱ्यापर्यंत नेलं.

वरच्या अंगाला बांध पडले, पुढे भराव झाला, खाडी गाळाने भरत भरत लांब सरकली. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती मुळात कुठून सरकली, हे लक्षात ठेवायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. जाताना सॅन्टन पुन्हा आत शिरला आणि दाराशी गुडघे टेकून बसला. उंबऱ्याच्या दगडात दोन उथळ खोबणी होत्या, घासून गुळगुळीत झालेल्या. तिथे काहीतरी टेकायचं, पुन्हा उचललं जायचं, पुन्हा टेकायचं. फळी. दुसरं काय असणार?

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून तो थेट गिरीजला गेला. फ्लॉसी ओसरीवर बसून केळीच्या पानांचे बिंडे बांधत होती. त्याने सगळं एका दमात सांगितलं. कालवं, रेघ, खोबणी. फ्लॉसीने हातातलं काम थांबवलं नाही.

“म्हणजे मचवा दाराशी लागायचा. बरं. मग पुढं?”

“मग बा हवेत नाही गेला. तिथं फळी असायची.”

“त्या दिवशी का नव्हती?”

हे सॅन्टनला माहीत नव्हतं. तो स्वयंपाकघरात गेला आणि तांदळाची अर्धी गोण डोक्यावर घेऊन बाहेर आला.

“अरे मेल्या, ठेव ती खाली! मान मोडेल. तुझं वय काय, करतोस काय!”

“थांब. बघू दे मला काय दिसतं.”

गोणीच्या भाराने मान ताठ झाली होती. समोरचं दिसत होतं: वाडी, विहिरीचा पंप, कुंपण. खालचं काही दिसत नव्हतं. स्वतःचे पायसुद्धा नाही. तो ओसरीवरून चालू लागला, पायाने अंदाज घेत. पायरी आली असं त्याला वाटलं त्याच्या आधीच ती आली. सॅन्टन पायरीवर बसता झाला आणि गोणीचं तोंड सुटून तांदूळ अंगणभर पसरला. कोंबड्या धावत आल्या.

“गेला बापाच्या वळणावर!” फ्लॉसी ओरडली.

“पण मी पिऊन नाही आलो,” सॅन्टन बसल्या जागेवरून म्हणाला.

फ्लॉसी सूप घेऊन उतरली आणि तांदूळ गोळा करायला लागली. सॅन्टनही भरू लागला. थोड्या वेळाने तो म्हणाला, “केसांना वास होता ना?”

“होता.”

“माणूस तोंडानं पितो, फ्लॉसी. केसांना कसा लागेल?”

“तू काय पोलिस आहेस? मला नाही माहीत. लागला होता एवढं खरं.” तिने सूप जोरात झटकलं. “कोंबड्या हाकल आधी.”

तेव्हापासून सॅन्टनला दार सुटलं आणि केस लागले. झोपताना केस, उठल्यावर केस. वखारीत काम करणारं तर कुणी उरलं नव्हतं. पण मचवा कुणाचा तरी असणार, आणि मचवे असायचे कोळ्यांचे. अर्नाळ्याची एक कोळीण गासच्या बाजारात बसायची. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहू लागला. तुमच्याकडे कुणाचे मचवे होते का? भात न्यायचे का? इकडच्या खाडीत यायचे का? दोन-तीन दिवस तिने ऐकून घेतलं.

“काका, मावरं घेवाचं हाय का मचवा?” ती शेवटी म्हणाली. आजूबाजूच्या हसल्या. सॅन्टनने ओशाळून बोंबील घेतले. पैसे घेताना तिला दया आली असावी. “माजी आजेसासू हाय घरी. तिच्या सासऱ्याचा मचवा व्हता. कान गेलंत तिचं, पन तोंड चालू हाय. या कवा तरी.”

सॅन्टन दुसऱ्याच दिवशी गेला. ही आजेसासू, मानूबाय मेहेर, नव्वदीच्या घरातली, दारातल्या खाटेवर पाय पसरून बसलेली. सॅन्टनने मोठ्याने विचारलं, गासच्या वखारीला मचवा लागायचा का?

“लागायचा तं! उदानाची भरती आली का थेट दारालाच. फळी टाकली का मानसं गोनी घेऊन यायाची, रिकामी जायाची. उदान नसंल तवा बंदरावर. तवा गाडीवाल्यांची चैन.” तिला सगळं आठवत होतं, आणि कुणी विचारलं नव्हतं म्हणून साठून राहिलेलं होतं. “मी पन जायाची मचव्यानं, सुकट घेऊन. नवीन नवरी व्हती. गासला सुकट इकायची, भातावर बसून परत यायाचं.”

“तिथं एक माणूस पडला होता. दारातून.”

मानूबायने त्याच्याकडे नीट पाहिलं. “मी व्हती ना मचव्यावर. डोल्यांनी बघितला त्याला.” तिने खाटेवरचे पाय जवळ घेतले. “पानी फिरलं व्हतं, उतराय लागलं व्हतं. पानी फिरलं का मचवा दारापासून लांब जायाला बघतो. दोन-चार गोनी राह्यल्या म्हून सासरा थांबला. तेवढ्यात मागचा दोर तुटला. मचवा गरकन फिरला, फळी गेली पान्यात. सासरा वरडला, फळी गेली, फळी गेली! पन तो मानूस आत व्हता, गोनीखाली. वारा उलटा, वखारीकडून खाडीकडं. आयकाला नसंल आला. आला तो रोजच्यासारकाच चालत आला.”

सॅन्टनचा हात नकळत स्वतःच्या मानेवर गेला.

“डोकं आपटलं मचव्याच्या कडेवर. वर घेतला त्याला. रगत थांबंना. सासऱ्याकडं बाटली असायाची, थंडीची. ती वतली डोक्यावर. पार केसांतून गळत व्हती. उरली ती तोंडात घातली, जीव धरंल म्हून. तं त्यानं थुकली.”

“थुंकली?”

“थुकली. अंगावर सांडली सगळी. म्हनला, नको, पोर रागावंल.” मानूबाय तोंडावर पदर घेऊन थोडी हसली. “एवरा मोठा मानूस, जीव चाललाय, नि पोरीला भितो.”

घरातून कुणीतरी चहा आणून ठेवला.

“तुजा कोन तो?”

“बाप.”

“आन ती पोर? हाय?”

“आहे. गिरीजला असते.”

“रागीट हाय का आजून?”

“आहे,” सॅन्टन म्हणाला.

“बरा,” मानूबाय म्हणाली, आणि चहा त्याच्याकडे सरकवला.

गिरीजला जाताना सॅन्टनने मनात पुष्कळ जुळवाजुळव केली होती, पण फ्लॉसीपुढे बसल्यावर त्याला मानूबायचे शब्द होते तसेच सांगता आले, तेवढेच. फ्लॉसीच्या हातातला बिंडा सुटला. तिने तो पुन्हा बांधला. पुन्हा सुटला.

“परत सांग,” ती म्हणाली.

त्याने परत सांगितलं.

“थुंकला?”

“थुंकला.”

तिने बिंडा बाजूला ठेवला. मग म्हणाली, “त्याला कारलंसुद्धा चालायचं नाही. आईनं केलं तर ताटाच्या कडेला सारून ठेवायचा, आणि हळूच माझ्या ताटात टाकायचा.” सॅन्टन थक्क होऊन ऐकत राहिला. दारूच्या वासाशिवाय बापाची दुसरी कुठलीही गोष्ट फ्लॉसीने आजवर सांगितलेली नव्हती. बापाला कारलं आवडत नव्हतं हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि ते आपल्यालाही आवडत नाही, याचं त्याला उगीच बरं वाटलं.

“चल,” फ्लॉसी उठली. “मला ते दार दाखव.”

वखारीत विटा येऊन पडल्या होत्या. केनी फोनवर होता. काठी टेकत येणाऱ्या फ्लॉसीला पाहून तो म्हणाला, “आंटी, जपून हां. तुमच्या घराण्याला—”

“आमच्या घराण्याचं राहू दे. तुझा आजा आणि माझा बा याच दारातून गोणी न्यायचे. मचवा लागायचा इथं. जाऊन भिंत बघ खालून, कालवं चिकटलीत. हात लावू नकोस, कापेल.” ती दाराशी गेली. चौकटीला धरून तिने खाली पाहिलं, मग लांब तिवरांकडे पाहिलं. “इथपर्यंत पाणी?” तिने भावाला विचारलं.

“इथपर्यंत.”

तिने काठीने उंबऱ्यातली खोबण चाचपली. एक, मग दुसरी. मग केनीकडे वळली. “विटा नको लावू. जाळी लाव. पोरंबाळं पडणार नाहीत आणि वारा पण येईल.”

“आंटी, कमिटीला विचारावं लागेल.”

“विचार. मी बसते,” फ्लॉसी म्हणाली आणि विटांच्या ढिगावर बसली.

कमिटीचं अजून ठरलेलं नाही. कुणी म्हणतं जाळी, कुणी म्हणतं स्टेज. विटा तिथेच पडून आहेत, आणि दिनानाथ येईल त्याला खाली नेऊन छत्रीच्या टोकाने रेघ दाखवतात.

मृतांच्या दिवशी संध्याकाळी दफनभूमीत नेहमीसारखी गर्दी होती. सगळीकडे झेंडू, अगरबत्त्या, मेणाचा वास. फ्लॉसीने आईला मेणबत्ती लावली, काकाला लावली, शेजारच्या म्हातारीला लावली. सॅन्टन बापाच्या क्रॉसपाशी आपली मेणबत्ती घेऊन उभा होता. ती आली. पदर सावरला नाही. त्याच्या हातातली मेणबत्ती तिने काढून घेतली, पेटवली, मातीत रोवली, आणि वारा होता म्हणून हाताचा आडोसा करून वाकून उभी राहिली. ओठ हलत होते. प्रार्थना म्हणत असेल असं समजून सॅन्टनने डोकं खाली घातलं. मग त्याला ऐकू आलं.

“गिळायची होती रे बा,” ती क्रॉसला सांगत होती. “बरं वाटलं असतं तुला. मी नसते रागावले.”

ती रागावलीच असती, हे सॅन्टनला ठाऊक होतं. इनासलाही ठाऊक होतं.